वळवाआधी एकदा वर चढून बघा : सीमाभागातल्या मंडळांना आणि पंचांना खुलं पत्र

प्रति,
खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतील युवक मंडळं, महिला मंडळं, शिवजयंती आणि गणेशोत्सव मंडळं, देवस्थान पंच कमिट्या आणि ग्रामपंचायत सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पाडवा होऊन गेला. दुपारी तीनच्या पुढं जांबोटीच्या बाजूला ढग चढायला लागलेत, अजून पांढरे आहेत. गावोगावी यात्रांचे मांडव पडताहेत. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी सुरू होईल. अशा दिवसांत वादळाचं बोलणं कुणाला नको वाटेल हे मला कळतं. पण ऐकून काही करता येईल अशी वेळ हीच आहे, म्हणून आत्ताच लिहितोय.

मी पत्रे बसवणारा माणूस. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. अठ्ठावीस वर्षं घरं, गोठे, शेड, शाळांचे व्हरांडे, जे मिळेल त्यावर पत्रा चढवत आलोय. तुमच्यापैकी कितीतरी गावांत माझ्या हातचं छत असेल. त्यातलं एक माझ्या चुकीनं उडालं आणि त्याखाली आमच्या गल्लीतली आक्का सापडली. ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सांगायचा मला अधिकार पोचत नाही.

आक्काच्या गोठ्यावर मी बारा पत्रे टाकून दिले होते. पैसे कमी पडले. पत्रा धरून ठेवणाऱ्या हुकांचे पैसे सुगीनंतर देते म्हणाली. मी म्हटलं, चालतंय, तोवर दगड ठेवूया. ओढ्यातून वीस-पंचवीस दगड आणले, सपाट बघून निवडले, पत्र्यावर मांडले. सुगी झाली, पैसे नातीच्या शाळेला गेले. मी परत गेलो नाही. गेलो असतो आणि उधारीवर हुक मारले असते तरी माझं काही बिघडलं नसतं.

मेचा दुसरा आठवडा होता, साडेचारचा सुमार. आधी अंगणात पिवळा उजेड पडला. वारा एकदम थांबला. मग थंडगार झोत आला, ओल्या मातीचा वास आला, आणि कुणी काही बोलायच्या आत सगळं गाव धुळीत बुडालं. आक्का म्हशीचं दावं सोडायला गोठ्यात गेली होती. पत्रा एका बाजूनं उचलला गेला आणि त्यावरचा दगड घरंगळून आत आला. मी पोचलो तेव्हा ती गव्हाणीला टेकून बसली होती, पाय वेडावाकडा झालेला, आणि दगड शेजारीच. मीच निवडून आणलेला. मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो तर ती म्हणाली, "काय बघूलालास? आधी ते भात आत घे, भिजूलालंय." मांडीचं हाड मोडलं होतं. पुढं दोन वर्षं अंथरुणात काढली आणि गेली. शेवटपर्यंत एका शब्दानं मला बोलली नाही.

तेव्हापासून दगड ठेवायचं काम मी घेत नाही. पण रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना बघत जातो आणि दर दहा घरांत दोन-तीन छतांवर दगड, फुटकी कौलं, जुने टायर, विटा दिसतातच. तुमच्या गावातही दिसतील. दर वर्षी वळवाच्या दिवसांत पेपरात कुठल्या तरी गावची एक बातमी असते, पत्र्यावरचा दगड अंगावर पडला म्हणून. आपण ती वाचतो आणि वाऱ्याला दोष देतो.

पत्र्याचं गणित मी अनुभवानं शिकलो आणि मग एका इंजिनिअर पोराकडून कागदावर मांडून घेतलं. दहा फुटी पत्र्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास. ताशी १०० किलोमीटरचा झोत छतावरून गेला की त्या एका पत्र्याला वर खेचणारी ताकद दीडशे किलोच्या घरात जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही ताकद चौपट होते. त्यातून दार-खिडकी उघडी राहिली तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. आता त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवले तर काय होणार? पत्रा जाणारच, आणि दगड मागं राहणार ते नेमके खालच्या माणसासाठी.

छत मधनं कधी जात नाही, कडेनं जातं. पावळी म्हणजे छताची खालची कड, कोपरे आणि आढ्याची म्हणजे वरच्या शेंड्याची कड, या तीन जागी ओढ सगळ्यात जास्त. म्हणून कडेला हुक जवळजवळ हवेत, मधे थोडे लांब चालतात. आमच्याकडं उलटं होतं. हुक वाचवायचे म्हणून कड मोकळी सोडतात. हुक पन्हळीच्या माथ्यातून मारायचा, नटाखाली वायसर (वॉशर) घालायचा, आणि नट आवळताना पत्रा दबेल इतका आवळायचा नाही. दबला की तिथंच पाणी साचतं, गंज धरतो आणि चार वर्षांत हुकाभोवतीचं भोक रुपयाएवढं होतं. मग हुक जागेवर राहतो आणि पत्रा त्यातून निघून जातो. दुसरी गोष्ट पाइपांची. पत्रे पाइपांना नीट बांधलेले असतात, पण पाइप नुसते भिंतीत टेकवलेले. असं छत गेलं की सांगाड्यासकट जातं. पाइप सळईनं भिंतीच्या पट्टीला बांधला पाहिजे. एका घराला याचा खर्च पत्र्यांच्या खर्चाच्या मानानं अगदी थोडा येतो, आणि तोच नेमका वाचवला जातो.

आपल्याकडं हे पूर्वी असं नव्हतं. कौलं होती तेव्हा मृगाच्या आधी प्रत्येक घर शाकारलं जायचं. कौलं खाली उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रिपा-वासे बघायचे, कोने परत बसवायचे. गल्लीतली चार माणसं आज या घरावर, उद्या त्या घरावर. बायका खालून कौलं हातोहात द्यायच्या. त्या निमित्तानं गावातलं प्रत्येक छत वर्षातून एकदा माणसाच्या डोळ्याखालून जायचं. मग वानरांनी कौलं फोडून नको केलं, शाकारायला माणसं मिळेनात, आणि पत्रा आला. पत्रा स्वस्त, हलका, एका दिवसात बसतो. मी त्यावरच पोट भरलंय, पत्र्याला मी वाईट म्हणणार नाही. पण एकदा बसवला की वीस वर्षं त्याच्याकडं कुणी बघत नाही. शाकारणीबरोबर वर चढून बघायची सवयही गेली, आणि ती गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आक्काच्या त्या दिवसानंतर सगळे म्हणाले, गावावर चक्रीवादळ आलं. पेपरातही तसंच छापून आलं. मला मात्र राहवेना, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि चार-चार दिवस आधी त्याची खबर मिळते. टोर्नेडो निराळा. तो गडगडाटी ढगातून सोंडेसारखा खाली उतरतो, रुंदी बहुतेक वेळा काही शे मीटर, आणि जिथून जातो तिथलंच नेतो. अमेरिकेत वर्षाला साधारण बाराशे होतात. आपल्या उन्हाळ्यातल्या वावटळीशी त्याचा काही संबंध नाही, ती तापलेल्या जमिनीवरून उठते, वर ढग नसला तरी. भारतात टोर्नेडो अगदीच होत नाहीत असंही नाही. १९७८ च्या मार्चमध्ये दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात झाला होता. ३१ मार्च २०२४ ला बंगालमध्ये जलपाईगुडीजवळ मैनागुडीच्या भागात असाच प्रकार होऊन काही मिनिटांत शेकडो घरं गेली. आणि जगातला सगळ्यात जीवघेणा टोर्नेडो म्हणून ज्याची नोंद आहे तो आपल्या शेजारी बांगलादेशात, माणिकगंज जिल्ह्यात, २६ एप्रिल १९८९ रोजी झाला. मृतांचा अंदाज १,३०० च्या आसपास. तिथली घरंही आपल्यासारखीच, कुडाची आणि पत्र्याची.

पण आमच्या गावात आला तो टोर्नेडो नव्हता. हे मला झाडांनी सांगितलं. माळावरच्या निलगिरी आणि खालच्या बाजूचे काजू सगळे एकाच अंगाला आडवे झाले होते, पंख्यासारखे पसरत गेलेले. टोर्नेडोत झाडं एकमेकांवर उलटसुलट पडतात. ही ओळख ज्यानं जगाला दिली त्या माणसाची गोष्ट मला फार लागली. टेत्सुया फुजिता त्याचं नाव, जपानचा. १९४५ च्या ऑगस्टमध्ये दुसरा अणुबाँब ज्या कोकुरा शहरावर पडायचा होता त्याच भागात तो राहत होता. त्या दिवशी वरून शहर दिसेना म्हणून विमान नागासाकीकडं वळलं. पुढं त्यानं नागासाकी आणि हिरोशिमात जाऊन बाँबच्या खुणा बघितल्या. वरून खाली आदळलेल्या दाबानं सगळं चहूबाजूंनी बाहेर फेकलेलं. मग तो अमेरिकेत शिकागोला गेला, १९७१ मध्ये टोर्नेडोची ताकद मोजायचं माप तयार केलं, ते आजही त्याच्याच नावानं चालतं. १९७४ च्या एप्रिलमध्ये तिथं पाठोपाठ कितीतरी टोर्नेडो झाले तेव्हा विमानातून पाहणी करताना त्याला काही ठिकाणी झाडं गरगर फिरल्यासारखी न दिसता चांदणीसारखी बाहेर पडलेली दिसली. नागासाकीत बघितलं होतं तसंच. ढगातली गार हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते, घागर उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी, हे त्यानं ओळखलं.

आपला वळवाचा वारा बहुतेक वेळा हाच असतो. मार्च ते मे जमीन तापते, समुद्रावरून येणारी दमट हवा घाट चढते, पठारावरची कोरडी हवा तिला भेटते, आणि दुपारनंतर ढग उभा राहतो. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, घाटमाथ्याला चिकटून. हे दर वर्षी होणार. या पावसाशी आपलं वैरही नाही. वळीव पडल्याशिवाय नांगर जमिनीत जात नाही, धूळवाफेची भातपेरणी त्याच्याच भरवशावर असते. लहानपणी पहिल्या गारा वेचून खाल्ल्यात मी. मग जो पाहुणा दर वर्षी ठरल्या महिन्यात येतो, तो आला की दर वर्षी आपण चकित का होतो?

अमेरिकेत मिसुरी राज्यात जॉप्लिन नावाचं गाव आहे, आपल्या निपाणीसारखं मध्यम. २२ मे २०११ च्या संध्याकाळी तिथं टोर्नेडो आला. पहिला भोंगा वीसेक मिनिटं आधी वाजला होता. तरी १५८ माणसं गेली. नंतर चौकशी झाली तेव्हा कळलं की भोंगा ऐकून बरेच लोक लगेच आडोशाला गेले नाहीत. कुणी बाहेर येऊन आभाळ बघत राहिलं, कुणी टीव्ही लावला, कुणी शेजाऱ्याला विचारलं. भोंगे नेहमीच वाजायचे आणि बहुतेक वेळा काही व्हायचं नाही. हे वाचताना मला आपल्या मोबाइलवर येणारे हवामान खात्याचे इशारे आठवले. मेघगर्जनेसह ताशी ४० ते ५० किलोमीटरचे वारे. आपण वाचतो, पुढं पाठवतो आणि कामाला लागतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप आहे, आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सरकारचं 'सचेत' ॲप आहे, पण गोठ्यात असलेल्या आक्काच्या हातात यातलं काही नसतं. तिच्यासाठी माणूसच लागतो. देवळाच्या भोंग्यावरून आपण काकड आरती लावतो, हरवलेली गाय पुकारतो. इशारा आला की त्याच भोंग्यावरून दोन वाक्यं सांगायला काय हरकत आहे? गोठ्यातनं आणि पत्र्याखालनं बाहेर या, स्लॅबच्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. स्लॅबचं घर जवळ नसेल तर आतल्या खोलीत, भिंतीच्या कडेला, खाटेखाली. आणि स्लॅबचं घर कुणाचं हे आधी ठरलेलं हवं. आमच्या गल्लीत तीन आहेत. तिघांनीही सांगून ठेवलंय की दार उघडं असेल. एवढं ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ लागली.

ओक्लाहोमात मूर म्हणून शहर आहे. २० मे २०१३ च्या टोर्नेडोत तिथं २४ माणसं गेली, त्यात एका शाळेतली सात मुलं होती. पुढच्या वर्षी त्या शहरानं घरबांधणीचे नियमच बदलले. ताशी २१७ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकेल असं नवं घर बांधायचं, छताचं लाकूड भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधायचं. मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. एवढ्या श्रीमंत देशात, एवढं सगळं झाल्यावर, अखेर गोष्ट छत भिंतीला नीट बांधण्यावरच आली.

आता तुमच्याकडं मागणं काय ते सांगतो.

चित्ररथ उभा करताना तुमच्याकडं काय काय असतं ते मला माहीत आहे, कारण त्यातले कित्येक सांगाडे मी जोडून दिलेत. वेल्डिंग मशीन, शिड्या, ड्रिल, दोरखंड, जनरेटर, आणि रात्रभर जागणारी पंचवीस पोरं. यात्रेच्या मांडवाला बांबू आणि ताडपत्र्या असतात. यातलं सगळं वळवाच्या दिवसांतच गावात असतं. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे दोन-तीन रविवार काढा. गल्ली वाटून घ्या आणि प्रत्येक छत वर चढून बघा. दगड खाली उतरवा. गंजलेली भोकं, सुटलेली कड, नुसता टेकवलेला पाइप, घरावर वाकलेली वाळकी फांदी, हे वहीत लिहा. ज्याला ऐपत आहे तो स्वतः दुरुस्त करेल. ज्याला नाही त्याच्या हुकांचे पैसे मंडळानं द्यावेत. एका वर्षी डॉल्बीच्या खर्चातला थोडा भाग इकडं वळवला तरी अख्ख्या गल्लीचे हुक होतात. विधवा बाया, एकटे म्हातारे, गावाबाहेरची वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीची माणसं, यांच्यापासून सुरुवात करा. ती स्वतःहून सांगायला येत नाहीत. आक्काही आली नव्हती.

विजेच्या तारेखाली शिडी लावू नका, पत्रा जुना असेल तर त्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाकून चाला. माझा एक सोबती असाच खाली आला होता.

आणि तरीही वारा येईल, काही छतं जातील. तेव्हा काय करायचं ते जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या तासात माणसं मोजा. कोण शेतात आहे, कोण गुरांमागं गेलंय. पडलेल्या तारेला हात लावू नका, लाकडानंही नाही. १९१२ ला फोन करून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिथं दोन माणसं उभी करा. मग सगळ्यात आधी ताडपत्री. घर उघडं पडलं की बाईचा जीव पेटीत आणि कणगीत असतो. वर्षाचं भात, पोरांची पुस्तकं, कागदपत्रं. पहिल्या रात्री पावसात जे भिजतं त्याचं नुकसान वाऱ्यानं नेलेल्यापेक्षा जास्त असतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. ताडपत्र्या गावात आधीच असाव्यात. शहरातून येईपर्यंत दोन पाऊस होऊन जातात.

आवराआवरीच्या आधी फोटो काढा. लोकांना पसारा बघवत नाही, ते लगेच झाडायला लागतात, आणि मग पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्रानं ठरवलेल्या मदतीच्या निकषांत पक्क्या घराचं नुकसान किमान १५ टक्के दिसलं तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००, आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाटीच्या भागात १,२०,००० होते. राज्य सरकार कधी स्वतःची भर घालतं, २०१९ च्या महापुरात पूर्ण पडलेल्या घरांना ५ लाख जाहीर झाले होते. साडेसहा हजारांत एका पाख्याचे पत्रेही येत नाहीत, पण हक्काचे आहेत, आणि ते त्या १५ टक्क्यांवर अडतात. म्हणून फोटो बाहेरून, आतून, आढ्याकडून, मोडलेल्या वाशाचा, भिजलेल्या धान्याचा. आणखी एक गाठ आहे. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी अशी नावं आहेत, वळवाचा नुसता वारा त्यात बसत नाही. राज्याला आपल्या आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तीसाठी वापरता येतो, पण त्यासाठी तशी मागणी वर जावी लागते. ग्रामपंचायत सदस्यांनो, हे काम तुमचं. गारा पडल्या असतील तर त्यांचाही फोटो लगेच काढा, त्या अर्ध्या तासात विरघळतात.

कागदांचा घोळ आपल्याकडं घरोघरी आहे. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, उताऱ्यावर पाच नावं, त्यातली दोन मुंबईला. वारा झाल्यावर ही नावं गोळा करता येत नाहीत. वर चढून छत बघाल तेव्हा खाली बसून उताराही बघा. आणि अर्ज कन्नडात असतो. भाषेचा वाद मोठा आहे, माझीही त्यावर मतं आहेत, पण उघड्या घरात बसलेल्या बाईला त्या संध्याकाळी अर्ज भरून हवा असतो. आपल्या प्रत्येक गावात कन्नड नीट लिहिणारी दहा तरी पोरं-पोरी आता आहेत. त्यांना मंडळानं एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून द्याव्यात. आक्काला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेताना पुढचं टोक ज्याच्या खांद्यावर होतं तो आमच्या शेजारच्या वस्तीतला कन्नड गडी होता, आणि ढिगाऱ्यातनं तिची म्हैस सोडवली तीही त्यानंच.

शहरातल्या मंडळांना एक कळकळीची विनंती. जुने कपडे पाठवू नका. आमच्या शाळेच्या एका खोलीत छतापर्यंत ढीग लागला होता, त्यात लग्नातले कोट होते, लहान मुलांचे फाटके मोजे होते. तो निवडायला चार बायांचे सहा दिवस गेले, आणि ते सहा दिवस त्यांना स्वतःच्या घरासाठी हवे होते. काय हवं ते गावाला फोन करून विचारा. बहुतेक वेळा उत्तर पत्रे, हुक, ताडपत्री, मेणबत्त्या, जनावरांचा चारा, किंवा एक चांगला सुतार असं येतं.

माझ्या धंद्यातल्या भावांनाही सांगायचंय. वादळाच्या दुसऱ्या दिवशी आपला भाव दुप्पट होतो. मीही एकदा घेतलाय तो भाव. ते पैसे कुठं गेले हे मला आठवत नाही, पण ज्याच्याकडून घेतले त्याचा चेहरा आठवतो. नेहमीच्या मजुरीत काम करूया, आणि दगड ठेवून देणार नाही असं ठरवूया.

शाळांचं विसरू नका. आपल्या शाळा मेच्या शेवटी भरतात. वळीव मेमध्येच येतो, आणि कितीतरी गावांत मराठी शाळेची इमारत जुनी, कौलारू. जॉप्लिनमध्ये त्या टोर्नेडोत कित्येक शाळा गेल्या होत्या. तिथल्या लोकांनी ठरवलं की शाळा ठरल्या दिवशीच उघडायच्या, आणि १७ ऑगस्टला, सत्त्याऐंशी दिवसांत, उघडल्या. मोठ्या मुलांचे वर्ग एका मॉलमधल्या रिकाम्या दुकानात भरवले. आपल्याकडं मॉल नसेल, देवळाचा सभामंडप आहे. पोरं एकत्र बसली पाहिजेत. आमच्या गावात वादळानंतर आभाळ भरून आलं की काही पोरं दप्तर टाकून घराकडं पळायची. आक्काची नात तर कितीतरी दिवस पत्र्याखाली झोपायला तयार नव्हती. तिला आमच्या स्लॅबच्या घरात घेऊन झोपायची माझी बायको.

आणि पहिल्या आठवड्यानंतर थांबू नका. चौथ्या दिवसापर्यंत जेवण येतं, गाड्या येतात, फोटो निघतात. तिसऱ्या आठवड्यात मृग लागतो, सगळे आपापल्या पेरणीला जातात, आणि ज्याचं छत अजून ताडपत्रीचं आहे त्याच्याकडं बघायला कुणाला वेळ नसतो. वहीत त्याचं नाव असू द्या. ज्याचे काजू मुळासकट गेले त्याला नवी कलमं धरायला काही वर्षं लागतात, त्याच्या हाताला तोवर कामाची सोय बघा. महिला मंडळांनी यात पुढं यावं असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या घरात चूल पेटत नाही हे त्यांना आधी कळतं.

माझ्याकडं एक पत्र्याचा तुकडा आहे, तीन फुटी, त्यावर बरोबर मारलेले चार हुक आणि चुकीचे मारलेले चार. तो, शिडी आणि वायसरची पिशवी घेऊन मी कुठल्याही रविवारी यायला तयार आहे. मजुरी नको, येण्याजाण्याचा खर्च माझा मी बघेन. गावातली चढणारी चार पोरं आणि एक वही तयार ठेवा. आमच्या गावापासून सुरुवात करतोय, येत्या रविवारी सकाळी सातला. पहिलं छत आक्काच्या घराचं. नात आता तिथंच राहते, लग्न करून जावई घरी आणलाय. पत्रे मी नंतर बदलून दिले होते, पण त्यालाही सात वर्षं झाली, आणि तेव्हापासून वर कुणी चढलेलं नाही.

आपला,
पत्रे बसवणारा एक कारागीर
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव